दोनशे साठ सेकंद

आमच्याकडे आइंडहोवनला आल्यावर महिनाभर बाबा काही बोलले नाहीत. मग सहज म्हणाले, "इथला टीव्ही दर चार मिनिटांनी थांबतो, नाही? चॅनेल बदलून परत आलं की चालतो."

इथला टीव्ही थांबत नाही. कंपनीचा राउटर काढून मी ओपनडब्ल्यूआरटीवाला लावला होता. नेट चाललं, मला तेवढं पुरलं. दिवसभर मी ऑफिसात.

टीव्ही मल्टिकास्टने येतो. कंपनी एकच प्रवाह सोडते, आयजीएमपीने ज्याने हात वर केला त्याच्या घराकडे तो वळतो. मग साधारण दर १२५ सेकंदांनी तिकडून विचारणा होते, अजून कोणी बघतंय का? उत्तर गेलं नाही तर २६० सेकंदांनी नाव कटतं. टीव्हीसाठी मी वेगळा व्हीलॅन केला, प्रॉक्सीही बसवली, पण फायरवॉलमधून आयजीएमपीला आत सोडायचं राहिलं. विचारणा दारातच अडत होती. बाबा चॅनेल बदलत, तेव्हा नव्याने हात वर होई.

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुझी कामं असतात."

एका नियमाचं काम होतं. नंतर आम्ही सायकल शर्यत बघत बसलो. चार मिनिटं होत आली तसा बाबांनी सवयीने रिमोट उचलला.