वंदना झाल्यावर काय?

माझे माहेर अकोला जिल्ह्यातले. 1974 साली याच जिल्ह्यातील धाकली गावात, मुलीवर झालेल्या अन्यायाचा जाब विचारणाऱ्या गवई बंधूंचे डोळे काढण्यात आले. दलित पँथरने ते प्रकरण देशापुढे नेले. वडील ती हकिकत सांगत, तेव्हा आई उठून दाराची कडी लावून घेई. आमच्या घरात भीती अशी मुक्कामाला होती.

लग्न होऊन मी अमरावतीला आले. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची निर्घृण हत्या झाली. नोव्हेंबरात विदर्भ पेटून उठला. अमरावतीत पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला, संचारबंदी लागली. आमची वस्ती हातावर पोट असणाऱ्यांची. काम बंद म्हणजे चूल बंद.

माझा सोळा वर्षांचा मुलगा दगड घेऊन निघाला. मी दारात आडवी झाले. तो म्हणाला, "आई, वंदना करून न्याय भेटते काय?" मला उत्तर सुचले नाही.

संचारबंदी सैल होताच मी त्याला विहारात नेले. तिथे बाया घरोघरची ज्वारी, तुरीची डाळ, पीठ गोळा करून वाटे घालत होत्या. एक आजी त्याला म्हणाल्या, "त्रिसरण म्हटलं की झालं काय रे बाप्पा? शेजाऱ्याची चूल पेटली पाह्यजे." त्यांनी पिशवी त्याच्या हाती दिली. दिवसभर तो शिधा पोहोचवत फिरला. संध्याकाळी न्यायाची मागणी करणाऱ्या निवेदनावर सह्या घ्यायलाही तोच पुढे होता.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला पुढच्या वर्षावासात सापडले. विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय भांडले, तेव्हा सिद्धार्थाने भर संघसभेत युद्धाला विरोध केला आणि त्यापायी घरदार सोडले, असे बाबासाहेबांनी त्यात लिहिले आहे. म्हणजे तथागतांनी शस्त्र उचलले नाही, पण ते गप्पही बसले नाहीत.

भगिनींनो, वंदना मन खंबीर करते. त्या मनाने पुढे काय करायचे, हे आपल्याला ठरवावे लागते. विहारात मूठभर धान्याचा एक डबा कायम भरलेला असू द्या, आणि अन्यायाविरुद्धच्या अर्जावर पहिली सही आपली असू द्या. माझ्या आईने लावलेली कडी मला अशीच काढता आली.

जयभीम!