अंगठा दिसला, चेहरा नाही

वार्षिक तपासणीत यंदा माझ्या डाव्या कानाचा आलेख घसरला. वरच्या पट्टीतले आवाज त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. चालू इंजिनाशेजारी उभं राहून पोट भरलं, तेव्हा आश्चर्य कसलं? कागद बघून माझा चेहरा पडला तो प्रकृतीच्या काळजीने नव्हे. पुशबॅकला, म्हणजे विमान मागे ढकलताना, वैमानिकाशी बोलायचा हेडसेट आता काढून घेतील, ही धास्ती होती. झालंही तसंच. हल्ली सांताक्रूझच्या एप्रनवर मी एका नव्या पोराच्या मागे उभा असतो. बोलतो तो, मी नुसता बघतो.

मला माझ्या आवाजाचा माज होता, हे कबूल करतो. शेजारच्या बेवर दुसरं विमान गरजत असतानाही मी माईक ओठाला टेकवून ‘कन्फर्म ब्रेक्स रिलीज्ड’ म्हटलं की कॉकपिटमधून ‘से अगेन’ क्वचितच यायचं. एका कॅप्टनने तर विचारलं होतं, ‘आधी आकाशवाणीवर होतात का?’ हा किस्सा ऐकला नाही असा नातेवाईक मला उरलेला नाही.

पण बोलण्याचा भाग खरं तर सोपाच. वाक्यं ठरलेली आहेत. ब्रेक सुटलाय की लागलाय, हे पूर्ण शब्दांत आल्याशिवाय विमान ढकलणाऱ्या टगच्या बारला हात लावायचा नाही. नुसतं ‘ओके’ आलं तर पुन्हा विचारायचं, समोर कितीही सीनियर कॅप्टन असो. हल्लीचे काही जण वैतागतात. वैतागू देत.

माझं दुखणं आहे ते ‘डिसकनेक्ट’नंतरचं. बार सुटला, टग गेला, पुढच्या चाकाचं स्टिअरिंग बंद ठेवणारी बायपास पिन काढली, हेडसेटचा जॅक उपसला, झाकण लावलं. आता विमानात आणि माझ्यात काहीच नाही. वैमानिकाला सांगितलेल्या बाजूला जाऊन पिन वर धरायची, लाल फीत दिसेल अशी, आणि वरून अंगठा यायची वाट बघायची. रात्री कॉकपिटमध्ये अंधार असतो आणि काचेवर फ्लडलाइट चमकत असतो. त्या चकाकीतून एक अंगठा वर येतो. चेहरा दिसत नाही. मान चेकलिस्टमध्ये असेल, तर हात निव्वळ सवयीने वर येतो. त्याने मला पाहिलं, की मी तिथे असणारच हे धरून चालला?

यावर मी एक युक्ती काढली होती. पहिला अंगठा घ्यायचाच नाही. पिन खाली आणायची, थोडं थांबून पुन्हा वर करायची. दुसरा अंगठा आला की समजायचं, माणूस बघतोय. टगवाले यावरून माझी नक्कल करायचे. करोत बापडे. डिसेंबर 2015 मध्ये याच विमानतळावर पुशबॅकनंतर विमान हललं आणि जमिनीवरचा एक तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढला गेला. पुढे बरेच दिवस रॅम्पवर सगळे एकमेकांना डोळे वटारून बघत होते. मग पुन्हा पंचवीस मिनिटांच्या टर्नअराउंडची घाई सुरू झाली. कंत्राटी एजन्सीची पोरं आज या विमानावर, उद्या त्या. पंखाखाली उभं राहून मोबाइल बघणारा विंगवॉकर दिसला की माझी बोटं शिवशिवतात.

पोराकडे बिनतारी हेडसेट आहे. तो पंखापर्यंत चालत जाऊन बोलू शकतो, त्याचा त्याला कोण अभिमान! मला तार बरी वाटायची. तार उपसली की बोलणं संपलं, हे दोन्हीकडे कळायचं. दिल्लीत 2019 मध्ये प्रवासी विमानासाठी टॅक्सीबॉट वापरला, तो तर वैमानिक स्वतःच वळवतो. पण बिनतारीचा डबा असो की टॅक्सीबॉट, शेवटी सोडवायला खाली माणूस लागतोच, आणि पुन्हा तीच काच, तीच चकाकी.

परवा जूनच्या पावसात विजा चमकू लागल्या. अशा वेळी विमानाला तार लावून उभं राहायचं नसतं. मधल्या उघडिपीत एक विमान पूर्ण हातखुणांवर काढलं. ब्रेक लावायची खूण करताना उघडा पंजा खांद्याच्या वर धरायचा, वैमानिकाच्या नजरेला नजर मिळाली की मूठ वळायची, वरून अंगठा येईपर्यंत हलायचं नाही. ही नजरेची अट आंतरराष्ट्रीय नियमातच लिहिलेली आहे. मागे उभा राहून मी बघत होतो. दोन्ही वैमानिक काचेला नाक लावल्यासारखे पोराकडे बघत होते, पिन दाखवून होईपर्यंत. माझ्या मधाळ आवाजावर मान खाली घालून अंगठा दाखवणारे किती असतील, हा विचार तेव्हा आला आणि मला मुळीच आवडला नाही.

पोराला मी दोनदा पिन दाखवायला शिकवलंय. उशीर होतो म्हणून सुपरवायझर कुरकुरतो. त्याला मी बघून घेईन. फक्त पोरगं पिन डाव्या हाताने धरतं आणि मी ती उजव्यात द्यायला लावतो. ‘काका, उजव्याच हातात का?’ असं त्याने विचारलं. मी नियमपुस्तकाचं नाव सांगून वेळ मारून नेली. पुस्तकात तसं काही नाही. उजव्या हातात ती मला शोभायची, एवढंच.