खिद्रापूरचे देवालय व कोल्हापूरची चित्रनगरी

प्रवासास निघताना घरातील सर्वांच्या मनात एकच स्थळ असते असे नाही. गेल्या नाताळच्या सुटीत आमच्या अक्कांच्या घरी जो बेत ठरला, त्यात तर सरळ दोन तट पडले होते. दाजींना खिद्रापूरचे प्राचीन देवालय पाहावयाचे होते. चिरंजिवांना कोल्हापूरची चित्रनगरी पाहावयाची होती. अक्कांना यांपैकी काहीच पाहावयाचे नव्हते. बापलेक पुन्हा एकमेकांशी बोलू लागलेले तेवढे पाहावयाचे होते.

वाचकहो, या अबोल्याचे कारण थोडक्यात सांगितले पाहिजे. दाजी खानापूर तालुक्यातील एका खेड्यात सुतारकाम करतात. हा धंदा त्यांच्या घराण्यात तीन पिढ्यांचा आहे. मुलाने बारावीची परीक्षा दिली आणि एके दिवशी जेवताना जाहीर केले, "मी रंधा धरणार नाही. मुंबईला जाऊन सिनेमात शिरणार." खेड्यापाड्यांतील मुले हल्ली मोबाईलवर लहानलहान चित्रफिती काढतात, हाही काढीत असे, आणि त्यास चार लोकांची वाहवा मिळू लागली होती. दाजी त्यावर काही बोलले नाहीत. ते पुढे दोन महिने बोललेच नाहीत. शेवटी अक्कांनी आम्हांस बोलावून घेतले आणि म्हणाल्या, "तू त्याचा मामा आहेस. काय सांगायचे ते तूच सांग बाबा."

सतरा-अठरा वर्षांच्या मुलास सांगण्यापेक्षा दाखविणे बरे, असा आमचा अनुभव आहे. म्हणून एकाच दिवसात दोन्ही स्थळे पाहण्याचे आम्ही ठरविले.

पहाटे साडेचारला आम्ही चौघे भाड्याच्या मोटारीने निघालो. संकेश्वर मागे पडेपर्यंत काळोख होता. निपाणीनंतर महामार्ग सोडून आम्ही कुरुंदवाडच्या रोखाने वळलो, तेव्हा उसाच्या फडांवर धुके उतरले होते. उसाने लादलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून संथपणे चालले होते, आणि कोठूनसा गुऱ्हाळाचा गोड वास येत होता. दाजी पुढे चालकाजवळ बसले होते, चिरंजीव सर्वांत मागे. मध्ये अक्का आणि आम्ही.

खिद्रापूर हे शिरोळ तालुक्यातील कृष्णाकाठचे गाव. गाव लहान, गल्ल्या अरुंद. आणि त्या घरांच्या दाटीतून एकाएकी काळ्या पाषाणाचे ते भव्य कोपेश्वराचे देवालय समोर उभे राहते. बाराव्या शतकात शिलाहार राजांच्या काळी ते उभारले गेले. पुढे देवगिरीच्या यादवांची सत्ता आली. त्यांच्यापैकी सिंघण राजाचा संस्कृत शिलालेख तेथे आजही आहे. नावाची कथा लोक अशी सांगतात की, दक्षाच्या यज्ञात सतीने देहत्याग केल्यावर कोपलेले शंकर येथे येऊन बसले, व त्यांची समजूत घालण्यास विष्णू आले. म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वर आणि धोपेश्वर अशी दोन लिंगे आहेत. शंकराच्या देवळापुढे नंदी असावयाचाच. येथे तो नाही. सती नंदीवर बसून माहेरी गेली होती, तो नंदी आपल्या बेळगाव जिल्ह्यातील येडूर येथे आहे, असे सांगतात. देव महाराष्ट्रात आणि नंदी कर्नाटकात! सीमेवर राहणाऱ्या आम्हां लोकांस ही कथा चटकन समजते.

आम्ही पादत्राणे बाहेर काढली. तेथे नित्य पूजा चालते. भाविक दर्शनास येत होते. दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळी पाहुण्याने वाट अडवू नये, मोठ्याने बोलू नये, आणि जेथे भक्ताची जागा आहे तेथे मागे सरून उभे राहावे, एवढे पथ्य आम्ही पाळले. चिरंजिवांनीही न सांगता मोबाईल खिशात घातला, हे नमूद केले पाहिजे.

या देवालयाचा मुकुटमणी म्हणजे पुढचा स्वर्गमंडप. अठ्ठेचाळीस खांबांच्या या मंडपास मध्यभागी छतच नाही. सुमारे तेरा फूट व्यासाचे वर्तुळ मोकळे सोडलेले आहे, त्यातून थेट आकाश दिसते. त्या वर्तुळाच्या बरोबर खाली जमिनीवर तशीच एक वर्तुळाकार अखंड शिळा बसविली आहे, आणि तिच्याभोवती बारा खांबांचे कडे आहे. खांब तरी किती तऱ्हांचे! एकच खांब खाली चौकोनी, वर अष्टकोनी, त्याहून वर गोल होत जातो. छताच्या कडेला अष्टदिक्पाल आपापल्या वाहनांवर बसलेले आहेत. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री चंद्र या वर्तुळावर येतो, तो सोहळा पाहण्यास लांबून लोक जमतात. आम्ही गेलो तेव्हा सकाळचे कोवळे ऊन त्या वाटेने तिरपे उतरून पश्चिमेच्या खांबांवर पडले होते, आणि बाकीचा मंडप थंड सावलीत होता.

दाजी एका खांबापाशी कितीतरी वेळ उभे होते. अखेरीस ते आमच्याकडे वळून म्हणाले, "हे पाहा. कातारी लाकूड कातावर धरून कातील, तशा या कडा निघाल्या आहेत. लाकडात पटाशी चुकली तर दुसरा तुकडा घेता येतो. इथे एक घाव चुकला की सगळा खांब वाया." मग त्यांनी दगडांचे सांधे दाखविले. चुना नाही, माती नाही. एका दगडाचा भार दुसऱ्याने तोलून धरलेला. आठशेहून अधिक वर्षे ते सांधे उभे आहेत. कृष्णेला महापूर येतो तेव्हा हा भाग पाण्याखाली जातो. २०१९ सालच्या पुरात शिरोळ तालुक्यातील गावेच्या गावे बुडाली होती. तरी ओळंबा लावून पाहावा असा तो मंडप सरळ उभा आहे.

बाहेरून देवालयास प्रदक्षिणा घातली की तळाशी हत्तींची रांग लागते. जणू सारे देऊळ त्यांनी पाठीवर तोलले आहे. त्यांपैकी पुष्कळांच्या सोंडा तुटलेल्या आहेत, त्यांवर बसलेल्या मूर्तींचे चेहरेही छिन्न झाले आहेत. चिरंजिवांनी तेथे एक प्रश्न केला, तो आमच्या मनात राहिला. "मामा, राजाचे नाव दगडात आहे. ज्यांनी हे हत्ती घडविले त्यांचे नाव कुठे आहे?" आम्ही शोधले, आम्हांस ते आढळले नाही. दाजी पाठमोरे उभे होते, परंतु त्यांनी ऐकले असावे.

दुपारी आम्ही कोल्हापुरास पोहोचलो. अंबाबाईच्या देवळात त्या दिवशी फार गर्दी होती, म्हणून बाहेरूनच ते पाहिले. मात्र तेथील किरणोत्सवाची गोष्ट सांगितली पाहिजे. नोव्हेंबर महिन्यात, व पुन्हा जानेवारीअखेरीस, मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत शिरून पहिल्या दिवशी मूर्तीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यावर व तिसऱ्या दिवशी मुखावर पडतात. प्रकाश कोठून यावा व कोठे पडावा, याचा हिशेब त्या कारागिरांनी दगड रचण्यापूर्वीच केला होता.

प्रकाशाचा असाच हिशेब करणारा एक माणूस विसाव्या शतकात याच नगरीत होऊन गेला. खरी कॉर्नरजवळ त्याच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याचा स्तंभ उभारला आहे. तेथे आम्ही मुद्दाम थांबलो. बाबूराव पेंटर हे त्याचे नाव. १८९० साली त्यांचा जन्म झाला. 'पेंटर' हे त्यांचे मूळ आडनाव नव्हे, ते मेस्त्री. वडील कृष्णराव मेस्त्री हे हातात कला असलेले कारागीर. बाबूराव व त्यांचे बंधू आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली निघाला, तेव्हापासून या दोघांस चलच्चित्राचे वेड लागले. कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा नव्हता. १९१६ मध्ये आनंदराव वारले. तरी बाबूरावांनी हार न मानता आपले शिष्य दामले यांच्या साह्याने कोल्हापुरातच कॅमेरा बनविला. त्यावर घेतलेला 'सैरंध्री' हा मूकपट १९२० साली प्रदर्शित झाला, आणि लोकमान्य टिळकांनी त्यांस 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. रंगविलेल्या पडद्याऐवजी खरोखरीच्या भिंती, खांब व कमानी उभारून चित्रण करण्याची पद्धत त्यांनीच आपल्याकडे रुजविली.

हे सांगत असता दाजींनी मध्येच विचारले, "मेस्त्री म्हणजे आपल्यासारखेच की?" आम्ही म्हटले, "होय, दाजी. अगदी आपल्यासारखेच." चिरंजीव त्या दगडी कॅमेऱ्याकडे पाहत राहिले.

बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल व धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १९२९ साली कोल्हापुरातच 'प्रभात'ची स्थापना केली. 'अयोध्येचा राजा' हा बोलपट त्यांनी १९३२ साली येथेच काढला, आणि १९३३ साली 'प्रभात' पुण्यास गेली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ मागे राहिला. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत तो भस्मसात झाला. भालजींनी तो पुन्हा उभा केला. त्या जागेवर चित्रपटाचेच काम व्हावे यासाठी २०२२ साली कोल्हापूरचे कलावंत उपोषणास बसले होते. आणि बाबूरावांचे मूकपट? त्यांतील बहुतेक आज पाहावयास मिळत नाहीत. दगडी हत्तीची सोंड तुटली तरी हत्ती उरतो. फिल्मची रिळे जळाली म्हणजे काहीच उरत नाही.

मोरेवाडीच्या माळावर शासनाने वसविलेली चित्रनगरी आहे. आम्ही आधी परवानगी मिळविली होती. एका बाजूस एका मालिकेचे चित्रीकरण चालू होते, आणि पाहतो तो काय, समोर देऊळ! काळ्या दगडाचे खांब, कोरीव चौकट, वर कळस. सकाळी पाहिलेल्या शिल्पाचे जणू धाकटे भावंडच. दाजी पुढे झाले व बोटाच्या पेराने त्यांनी खांबावर टकटक केले. ढोलकीसारखा पोकळ आवाज आला. मागे जाऊन पाहिले तर प्लायवूड, लाकडी पट्ट्या, आणि प्लास्टर ऑफ पॅरिसवर काळा रंग. चिरंजिवांचा चेहरा उतरला. त्यांस वाटले, आता वडील हसणार.

दाजी हसले नाहीत. तेथे हातोडी घेऊन एक पोक्त सुतार उभा होता. दोघे समव्यवसायी, लगेच बोलणे सुरू झाले. तो म्हणाला, "तीन दिवसांत उभे करतो, एका दिवसात उतरवतो. कॅमेऱ्याला पुढची बाजू दिसते. पण या पायरीवर चार माणसे उभी राहतात, म्हणून मागची बाजू पक्कीच लागते. ती कोणी बघत नाही." दाजींनी मान हलविली आणि वाकून पट्ट्यांचे जोड तपासू लागले.

इकडे चिरंजीव चित्रीकरण पाहत होते. एका नटीला एकच वाक्य म्हणावयाचे होते. ते नऊ वेळा म्हणून झाले. एकदा ट्रकचा भोंगा वाजला, एकदा ढग आला, एकदा पदर सरकला. दोन पोरे चंदेरी कागद लावलेल्या मोठ्या फळ्या धरून नटीच्या तोंडावर ऊन परतवीत ताटकळत उभी होती. त्यांच्या तोंडावर मात्र नुसता घाम. तासाभरात पडद्यावरचे अर्धे मिनिट तयार झाले असेल. आम्ही उपदेशाचा एक शब्दही उच्चारला नाही. त्याची गरजच राहिली नव्हती.

ज्या कुटुंबांस हा प्रवास करावयाचा असेल, त्यांनी खिद्रापूर सकाळी पाहावे. तेथे निदान दोन तास हवेत. पावसाळ्यात कृष्णेच्या पाण्याची चौकशी केल्यावाचून निघू नये. चित्रनगरीत आधी परवानगी घेऊन जावे, आणि चित्रीकरण चालू असता मुलांस गप्प बसण्याची ताकीद द्यावी.

परतताना काळोख पडला. निपाणीचे दिवे मागे गेले. मोटारीत कोणीच बोलत नव्हते. अकस्मात दाजी मान न वळविता म्हणाले, "त्या खांबाला आतून किती पट्ट्या होत्या, मोजल्यास?"

मागून उत्तर आले, "आठ."

"सहा पुरल्या असत्या," दाजी म्हणाले.

"नाही बाबा. वरच्या कळसाचा भार होता. मी मागून पाहिले."

दाजी थोडा वेळ विचार करीत राहिले. मग म्हणाले, "असेल. मग आठच पाहिजेत."

अक्कांनी अंधारात आमचा हात दाबला. मुलाने सिनेमाचा नाद सोडलेला नाही, आणि तो सोडावा असा आमचाही आग्रह आता नाही. मात्र जूनपर्यंत रोज सकाळी दोन तास तो वडिलांजवळ रंधा धरतो, आणि चित्रपटांचे देखावे उभारण्याची विद्या कोठे शिकवितात याची चौकशी दाजी स्वतः करीत आहेत.