सिटी स्कॅन आणि देवाचे वचन



आजाऱ्यांच्या भेटीला निपाणी, बेळगाव, कधी कोल्हापूर-मिरजेच्या दवाखान्यांत जाताना आम्हांला 'सिटी' हा शब्द सारखा ऐकू येतो. एक्स-रेला आपली माणसे 'फोटो' म्हणतात. गरोदरपणातली सोनोग्राफी म्हणजे 'स्कॅनिंग', आणि सिटीसुद्धा 'स्कॅनिंग'च! पण सोनोग्राफी ध्वनिलहरींवर चालते आणि सिटी क्ष-किरणांवर. म्हणून गरोदर बहिणीने सिटीच्या आधी तसे सांगितलेच पाहिजे. 'स्कॅनिंग झालंय' एवढ्यावर न थांबता डॉक्टरांना जुनी फाईल दाखवावी.

या 'सिटी'चा शहराशी संबंध नाही. पूर्ण नाव कॉम्प्युटेड टोमोग्राफी. ग्रीक भाषेत 'टोमोस' म्हणजे काप. यंत्र शरीराभोवती फिरून अनेक बाजूंनी किरण सोडते आणि संगणक हिशेब करून पावाच्या कापांसारखी आतली चित्रे दाखवतो, तेही सुरी न लावता. लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ रोजी गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू असा पाहिला. त्यांना आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना १९७९ मध्ये नोबेल मिळाले.

इब्री ४:१२ मध्ये देवाचे वचन दुधारी तरवारीहून तीक्ष्ण म्हटले आहे. तिथला मूळ ग्रीक शब्द 'टोमोटेरॉस' याच धातूतून आला आहे. वचनही आपल्या आतले काप उघडून दाखवते.

रिपोर्ट आला की घरात कुजबुज सुरू होते: "आईला सांगू नका." आई मात्र सगळ्यांचे चेहरे वाचून केव्हाच उमगलेली असते. मग ती एकटी, आणि घरचेही एकटे. लपवण्याने गाठ विरघळत नाही. सोबत तेवढी तुटते.

त्याच अध्यायाचे तेरावे वचन सांगते, देवापुढे काहीच झाकलेले नाही. भीती वाटावी असेच ते आहे. पण अध्याय तिथे थांबत नाही. पुढे आपल्या दुर्बलतेत सहभागी होणारा प्रमुख याजक भेटतो आणि सोळाव्या वचनात कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने येण्याचे बोलावणे. सिटी आजार दाखवते, बरा करत नाही. त्यासाठी डॉक्टरांकडेच जावे लागते. जो आपल्याला आरपार पाहतो, तो मात्र पाहून पाठ फिरवत नाही.

म्हणून रिपोर्ट हातात आला की आजाऱ्याजवळ बसा, डॉक्टरांच्या सल्ल्याने, प्रेमाने खरे सांगा आणि हात धरून प्रार्थना करा.

हे प्रभो, तू आम्हांला पूर्ण ओळखतोस. आम्हांला खरे बोलण्याचे धैर्य आणि जवळ बसण्याची प्रीती दे. आमेन.