"सापडलं का, मॅडम?"



आज पाठाची टिपणं नाहीत, एक अनुभव सांगते. वर्गात आपण रोज म्हणतो, "समजलं नाही तर विचारा." मीही म्हणते. पण तसं विचारताना पोटात कसा गोळा येतो, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. तेही मुंबईच्या एका ग्रंथालयात.

गोष्ट २०२२ ची. आमची शाळा जिल्हा परिषदेची, सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. विट्याच्या आसपासची ही गावं तुम्हाला गलाई व्यवसायामुळे माहीत असतील. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी इथली माणसं देशभर पांगली आहेत. ती सगळी यात्रेला गावी येतात, तेव्हाच शाळेचा मोठा कार्यक्रम करायचं ठरलं. गावात जो तो सांगायचा, शाळा १८७२ ची. म्हणजे दीडशे वर्षं, शतकोत्तर सुवर्णमहोत्सव! पत्रिकेचा मजकूर तयार झाला, देणग्यांचे शब्द मिळाले. आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एका पालकानं विचारलं, "पण याला पुरावा काय?"

आमच्या जनरल रजिस्टरची सुरुवातीची पानं वाळवीनं खाल्लेली. वाचता येणारी पहिली नोंद १८९७ ची. मुख्याध्यापक सर मला म्हणाले, "मॅडम, इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरमध्ये शाळांची माहिती असते म्हणे. तुम्ही इतिहास शिकवता, भाऊ डोंबिवलीला आहे. एक दिवस जाऊन या." झालं, काम माझ्याच गळ्यात पडलं.

भावाकडे मुक्काम करून सकाळच्या लोकलनं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले आणि विचारत विचारत हॉर्निमन सर्कलपाशी पोहोचले. समोर टाऊन हॉल. १८३३ साली खुली झालेली ही इमारत मी फक्त चित्रात पाहिली होती. उंच खांब आणि खालपासून वरपर्यंत पांढऱ्या पायऱ्या, मोजून तीस. १८०४ मध्ये सुरू झालेल्या एशियाटिक सोसायटीचा ग्रंथसंग्रह इथलाच आणि राज्याचं मध्यवर्ती ग्रंथालयही इथेच. १९५४ च्या कायद्यामुळे देशात छापलेल्या पुस्तकांच्या प्रती ज्या मोजक्या ग्रंथालयांकडे पाठवाव्या लागतात, त्यांतलं हे एक. हे सगळं मी आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं. पण खरं सांगू का? त्या पायऱ्यांवर उभी राहिले आणि वाटलं, आपण चुकीच्या ठिकाणी आलोय. पायऱ्यांवर कॉलेजची मुलं निवांत बसली होती. मी मात्र पदर सारखा करत, पिशवीतलं शाळेचं पत्र तीनदा चाचपत वर गेले.

आत सगळीकडे शांतता. माझ्या चपलांचा आवाज मलाच मोठा वाटायला लागला. टेबलाशी बसलेल्या बाईंना मी घोकून आलेलं वाक्य ऐकवलं, "मला सांगली जिल्ह्याचं गॅझेटिअर हवंय. साधारण १८८० च्या आसपासचं."

त्या म्हणाल्या, "तेव्हा सांगली जिल्हा नव्हता, मॅडम."

इतिहासाची शिक्षिका मी! कानशिलं तापली. त्या मात्र शांतपणे सांगत होत्या. खानापूर, तासगाव, वाळवा हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणजे मला हवा होता तो मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १९ वा खंड, सातारा, १८८५ सालचा. यातलं बरंचसं मला माहीत होतं हो! चौथीच्या मुलांना जिल्ह्याची माहिती सांगताना मी स्वतः सांगितलेलं होतं. पण घाबरलेल्या माणसाला माहीत असलेलंही आठवत नाही. तोंडी परीक्षेत फळ्यापाशी उभी राहणारी पोरं मला तिथे आठवली.

खंड समोर आला. जाडजूड, बारीक टाइपाचा, जुन्या वळणाचं इंग्रजी. गावांच्या नावांची स्पेलिंगं अशी की आपलंच गाव ओळखू येऊ नये. बाईंनी विचारलं, "बघता येईल ना?" मी म्हटलं, "हो हो, येईल." येत नव्हतं. तास दीड तास मी नुसती पानं उलटत होते. शेजारचा तरुण भराभर टिपणं काढत होता आणि मी वाचतेय असं दाखवायला वहीत काहीतरी गिरवत होते.

तेवढ्यात फोन थरथरला. बाहेर येऊन घेतला. सर म्हणाले, "सापडलं का, मॅडम? प्रेसवाला थांबलाय."

माझ्या तोंडून निघालं, "हो सर, सापडतंय."

फोन ठेवला आणि माझं मलाच कसंतरी झालं. माझ्या वर्गात एक मुलगी आहे. काहीही विचारा, मान हलवून म्हणते, "समजलं, बाई." वही बघितली की कळतं, काहीच समजलेलं नाही. तिला मी कितीदा रागावले असेन! आज मीही तेच केलं होतं. तिच्या खोट्यानं एक गणित चुकतं. माझ्या खोट्यानं शाळेच्या दगडी पाटीवर चुकीचं साल कोरलं गेलं असतं आणि पुढची शंभर वर्षं मुलांनी तेच पाठ केलं असतं.

परत आत गेले आणि बाईंना सांगितलं, "मला हे नीट वाचता येत नाहीये. कुठं बघायचं तेही कळत नाही."

त्या हसल्या नाहीत. खुर्ची जवळ ओढून बसल्या. अनुक्रमणिका कशी बघायची, शिक्षणाचं प्रकरण वेगळं असतं, गावांची माहिती वेगळ्या प्रकरणात असते, हे दाखवलं. वीस मिनिटांत काम झालं. शिक्षणाच्या प्रकरणात शाळांचे आकडे होते, पण आमच्या गावाचं किंवा १८७२ चं नाव कुठेच नव्हतं. निघताना त्या म्हणाल्या, "नाही सापडलं हेसुद्धा उत्तर असतं, मॅडम. तसंच लिहा." आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतला एक वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. माझा वाया गेलेला वेळ मात्र कुणी घेतला नव्हता. तो मीच न विचारून घालवला होता.

पायऱ्यांवर बसून सरांना फोन केला. मघाशी खोटं बोलले तेही सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "या तुम्ही. बैठक घेऊ."

बैठक सोपी नव्हती. एक आजोबा उठून म्हणाले, "आमच्या आज्ज्यापासून १८७२ ऐकतोय. ते काय खोटं बोलत होते का?" मी म्हटलं, "नाही आबा, शाळा तेव्हाची असेलही. पण आपल्या हातात कागद १८९७ चा आहे." दोन देणगीदार नाराज झाले, एकानं शब्द फिरवला. शेवटी पत्रिकेत 'सुवर्ण'च्या जागी 'रौप्य' आलं आणि खाली ओळ छापली, 'उपलब्ध नोंदींनुसार'. सव्वाशे वर्षांचा कार्यक्रम झाला. आबा पहिल्या रांगेत होते.

त्यानंतर मी वर्गात दोन बदल केले. गावाच्या इतिहासाच्या उपक्रमात मुलं घरोघरी विचारून माहिती लिहितात. तिथे एक रकाना वाढवला, 'कुणी सांगितलं?' त्या वहीतली पहिलीच नोंद आबांची आहे, १८७२ ची. आणि 'समजलं का?' हा प्रश्न मी सोडला. आता विचारते, "कुठपर्यंत समजलं?" त्या मुलीनं पहिल्यांदा बोट ठेवून दाखवलं, "बाई, हितपर्यंत." त्याच्या पुढचं तिला कळलं नव्हतं. आम्ही तिथून सुरुवात केली.

पालकहो, ही जुनी गॅझेटिअर आता संगणकावरही बघायला मिळतात. तरीही सुट्टीत मुलांना एकदा मोठ्या ग्रंथालयात घेऊन जा. आणि टेबलापाशी गेल्यावर त्यांच्या वतीनं तुम्ही बोलू नका. अडखळू द्या, चुकीचा खंड मागू द्या. तुम्ही फक्त शेजारी उभे राहा.