कुल्ल्यातला ठणका
आज पिकाचं नाही, अंगाचं लिहितो.

हरभऱ्याच्या पेरणीपासून उजव्या कुल्ल्यात आत खोल ठणका. ट्रॅक्टरवर अर्धा तास बसलं की पोटरीपर्यंत मुंग्या. लोक म्हणाले, मणका गेला, ऑपरेशन करावं लागणार. झोपच उडाली. उसाची बांधणी कोण करणार?

एमआरआयमध्ये मणका चांगला निघाला. मग फिजिओथेरपीच्या मॅडमनी दाबून नेमकी जागा धरली. कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूखाली पिरिफॉर्मिस नावाचा छोटा स्नायू असतो. बहुतेकांची सायटिक नस त्याच्या खालून पायात उतरते. तो आखडला की नस आवळते.

व्यायाम असा: उताणं झोपायचं, दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा, खालची मांडी हातांनी छातीकडे ओढायची. 30 सेकंद, तीन वेळा, सकाळ-संध्याकाळ. मागच्या खिशात पाकीट नको. अर्ध्या तासाने ट्रॅक्टरवरून उतरून चार पावलं चालायचं.

दीड महिन्यात ठणका निम्म्यावर आलाय. बांधणी मीच केली, थांबत थांबत.

पण जांघेत बधिरपणा आला, लघवी-संडासचा ताबा सुटला किंवा पाऊल उचलेना, तर व्यायाम करत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.