शंकेचे मोल

वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीची बिले ज्या टेबलावर येतात, त्या टेबलाचा मी कारकून. मूळ पावती आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडलेली आहे ना, हे पाहावयाचे. मग प्रत्यक्ष खर्च आणि केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या दरपत्रकातील आकडा यांत जो कमी, तो मंजुरीस ठेवावयाचा. ही योजना १९५४ साली दिल्लीत सुरू झाली. तिच्या दरपत्रकात छातीच्या क्ष-किरण छायाचित्राला एकच आकडा आहे. त्यात यंत्राचे किती आणि ते छायाचित्र वाचणाऱ्या डोळ्यांचे किती, याची फोड नाही.

अमेरिकेत ती आहे. तेथील रुग्णालयांचे अहवाल वाचून त्यांना संकेतांक देणारी पुष्कळ तरुण मंडळी आमच्या मारतहळ्ळीत राहतात. शेजारची सोलापूरकडील मुलगी त्यांपैकीच. तिने मला समजावून सांगितले, "दादा, छातीचं एकच छायाचित्र असेल तर ७१०४५, दोन बाजूंनी घेतलं असेल तर ७१०४६, आणि फक्त वाचणाऱ्या डॉक्टरांचं शुल्क मागायचं असेल तर त्यापुढं २६."

"आणि डॉक्टरांनी 'न्यूमोनियाची शक्यता' एवढंच लिहिलं तर?"

"मग न्यूमोनियाचा अंक लावायचा नाही. बाह्यरुग्ण खोकला घेऊन आला असेल, तर खोकल्याचाच लावायचा."

नियम शहाणपणाचा आहे. संशयाला एकदा अंक मिळाला की तो रोग होऊन माणसाच्या नावाला चिकटतो. तथापि क्ष-किरणतज्ज्ञाची खरी विद्या त्या संशयातच नसते काय? १८९५ साली राँटगेनने पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले, तेव्हापासून आतले दिसू लागले. परंतु दिसलेली छाया जुना व्रण की नवी गाठ, हे ठरविणे अवघडच राहिले. तेथे 'असावे' लिहिण्यास 'आहे' लिहिण्याहून अधिक प्रामाणिकपणा लागतो.

गेल्या वर्षी माझ्या आईच्या अहवालात असेच एक वाक्य होते : जुन्या क्षयाचा व्रण असावा, तरी सीटी करून पाहावे. सीटीत गाठ निघाली. लहान होती, म्हणून काढता आली. ते वाक्य लिहिणाऱ्या डॉक्टरांना आम्ही कधी पाहिले नाही. छायाचित्राच्या बिलाचे दरपत्रकाप्रमाणे पैसे मिळाले. त्या 'तरी'साठी मात्र कोणत्याही रकान्यात जागा नव्हती, आणि आई आज स्वयंपाकघरात आहे ती त्या 'तरी'मुळे.